कीपॅड फोन बोलायला कसा आहे, हे घरच्या घरी कसे पारखावे

कीपॅड फोन घेताना दुकानात होणारी चाचणी ठरलेली असते. सिम घालायचे, घरी कॉल लावायचा, ‘हॅलो, येतोय का आवाज?’ असे विचारायचे आणि पलीकडून ‘हो’ आले की पैसे मोजायचे. या चाचणीतून जवळजवळ काहीच कळत नाही. दुकान बाजारपेठेत असते, त्यामुळे रेंज भरपूर मिळते. पलीकडचा माणूस घरचा असतो, आणि आपण काय विचारणार हे त्याला आधीच ठाऊक असते. शिवाय आपल्या कानाला फक्त आपल्या फोनचा इयरपीस कळतो. आपला माइक कसा आहे, हे फक्त पलीकडच्यालाच ऐकू येते, आणि ‘तुझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय’ हे लोक भिडेखातर सांगत नाहीत.

म्हणून साधा फोन पारखताना दोन गोष्टी धरून चालायच्या. निम्मी चाचणी पलीकडच्या टोकाला बसून करायची, आणि कोणताही फोन एकट्याने तपासायचा नाही. शेजारी दुसरा, चांगला चालतो हे माहीत असलेला फोन हवाच. त्याला आपण ‘मापाचा फोन’ म्हणू. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कंपनीच्या सिमवर मापाचा फोन नीट चालला आणि नवा अडखळला, तर दोष नव्या फोनचा. दोन्ही अडखळले, तर टॉवरचा.

आधी डब्यावरचे बारीक अक्षर

कॉल लावण्याआधी पाच मिनिटे खोक्यावर घालवा. निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

जिओचे जाळे ४जी आणि ५जीचे आहे, त्यात २जी नाहीच. त्यामुळे फक्त २जीवर चालणाऱ्या फोनमध्ये जिओचे सिम घातले तर फोन कितीही चांगला असला तरी कॉल लागणार नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचे २जी आहे, म्हणून तिथे जुना फोनही बोलतो. उलट बाजूही पाहा. जिओफोन आणि जिओभारत हे फोन जिओच्या सिमलाच बांधलेले असतात. पुढे कंपनी बदलायचा विचार असेल तर ते घेऊ नका.

फोन ४जी असेल तर ‘व्होल्टी’ हा शब्द शोधा, म्हणजे ४जीवरूनच आवाजाचा कॉल. ही सोय नसलेला फोन कॉलच्या वेळी ४जी सोडून खाली २जीवर उतरतो. त्यात वेळ जातो, आवाजही साधा होतो.

मग बँड, म्हणजे टॉवर आणि फोन ज्या लहरींवर एकमेकांशी बोलतात तो पट्टा. २जीसाठी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ हे दोन्ही बँड असले की भारतात भागते. ४जीला मात्र नीट जुळवून पाहावे लागते. जिओ ८५०, १८०० आणि २३०० वापरते, म्हणजे खोक्यावर बँड ५, ३ आणि ४० हवेत. एअरटेल आणि व्हीआयसाठी बँड ८, ३, १ आणि ४० पाहा. बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८ आणि १. बँड २८ पुष्कळ स्वस्त फोनांत नसतो. कमी मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून जास्त आत शिरते. त्यामुळे खालचा बँड नसलेला फोन अंगणात फुल्ल रेंज दाखवतो आणि जांभ्याच्या जाड भिंतीआड माजघरात गेला की मुका होतो. असा फोन बिघडलेला नसतो. तो त्या घरासाठी चुकीचा असतो.

दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही खाचा ४जीच्या आहेत का, तेही विचारा. काही फोनांत दुसरी खाच फक्त २जीची असते.

आता तीन झटपट तपासण्या. *#०६# दाबले की आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचे, १५ आकडे दिसतात, दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते खोक्यावरच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून हे १५ आकडे १४४२२ या क्रमांकावर पाठवले, की तो क्रमांक खरा आहे का, काळ्या यादीत आहे का, याचे उत्तर येते. जुना फोन घेताना हे टाळूच नका. तिसरी, *#०७#. यात फोनचा एसएआर दिसतो, म्हणजे बोलताना शरीरात किती लहरी शोषल्या जातात त्याचे माप. भारतातली मर्यादा एक ग्रॅम ऊतीमागे किलोला १.६ वॅट आहे.

तयारी

लागणारे सामान फार नाही: तपासायचा फोन, मापाचा फोन, एकाच कंपनीची दोन सिम, ध्वनिमुद्रणासाठी तिसरा स्मार्टफोन, सेकंदकाटा असलेले घड्याळ, वही आणि एक धीराचा मदतनीस. दोन्ही फोन रात्रभर पूर्ण चार्ज करा. प्रत्येक चाचणी झाली की सिमची अदलाबदल करून ती पुन्हा करा, म्हणजे सिमचा दोष फोनच्या माथी बसत नाही. वहीत दरवेळी जागा, वेळ, कोणत्या फोनात कोणते सिम आणि कॉल २जीवर झाला की ४जीवर, हे लिहा. ही शेवटची नोंद विसरली तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

फोनवरच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. एक कंपनी ज्या सिग्नलला चार दाखवते, तिथे दुसरी दोन दाखवते. खरा आकडा हवा असेल तर सिम अँड्रॉइड फोनमध्ये घालून सेटिंगमधल्या सिमच्या माहितीत डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचे माप, पाहा. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९० च्या आत ठणठणीत, उणे १०५ पर्यंत कामचलाऊ, आणि उणे ११५ च्या पुढे कोणताही फोन धडपडणारच. २जीची मापे वेगळी आहेत, तिथे उणे १०० च्या आसपासच टोक येते. घराभोवती अशा तीन जागा शोधून ठेवा: एक भरपूर सिग्नलची, एक मध्यम, एक काठावरची.

आवाज: पलीकडे बसून ऐका

ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी आहे. घाई करू नका.

मदतनीस तपासायचा फोन घेऊन एका खोलीत बसेल. तुम्ही मापाचा फोन घेऊन इतके दूर बसा की त्याचा थेट आवाज येणार नाही. तो बोलेल, तुम्ही लिहाल. ओळखीची वाक्ये वाचायची नाहीत, कारण अर्धवट ऐकूनही मेंदू वाक्य पूर्ण करतो. ज्यात अंदाज चालत नाही असेच वाचायचे, आणि त्याला आपल्या मराठी संख्यांइतकी चांगली परीक्षा नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि अडुसष्ट, सात आणि साठ, एकाहत्तर आणि बाहत्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव, सव्वीस आणि सत्तावीस अशा चुकायला सोप्या २० संख्या चिठ्ठ्यांवर लिहून, चिठ्ठ्या उचलून, एका लयीत वाचायच्या. पुन्हा विचारायचे नाही. चांगल्या फोनवर २० पैकी १९ तरी बरोबर येतात. १७ च्या खाली गेले, आणि मापाच्या फोनवर तसे झाले नाही, तर तो फोन बँकेशी किंवा दवाखान्याशी बोलायच्या कामाचा नाही.

मग शब्दांच्या जोड्या. त्या तीन गटांत वाचा, कारण प्रत्येक गट वेगळा दोष दाखवतो.

पहिला गट: सण–फण, सार–फार, साल–शाल. स, श, फ यांतला फरक उंच स्वरात, म्हणजे बराचसा ३४०० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या पद्धतीचा साधा कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेतो, त्यामुळे २जीवर या जोड्या थोड्या चुकल्या तर फोनला दोष देऊ नका. ४जीवर दोन्ही टोकांना एचडी कॉल असेल तर आवाज ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो. तिथेही सण आणि फण एकच वाटले, तर माइकचे भोक बुजलेले आहे किंवा फोन एचडी वापरतच नाही.

दुसरा गट: माल–माळ, वेल–वेळ, मन–मण. ल–ळ, न–ण यांचा फरक खालच्याच पट्ट्यात येतो, म्हणून तो २जीवरही टिकायला हवा. इथे गोंधळ झाला तर माइक किंवा इयरपीस गुदमरलेला आहे, हे पक्के धरा.

तिसरा गट: गाव–घाव, दार–धार, बार–भार, पळ–फळ. महाप्राणाचा श्वास क्षणभराचा आणि हलका असतो. आवाज दाबणारा, तुटक पाठवणारा फोन तो पहिल्यांदा गिळतो.

आता जागा बदला. तुम्ही तपासायच्या फोनवर ऐका, मदतनीस मापाच्या फोनवरून वाचेल. यात इयरपीसची परीक्षा होते. आवाज मधल्या पायरीवर ठेवून सुरू करा आणि एकेक पायरी वाढवत शेवटपर्यंत न्या. पुष्कळ स्वस्त फोन शेवटच्या दोन पायऱ्यांवर फाटतात, मोठे होतात पण स्पष्ट होत नाहीत. कोणत्या पायरीपासून फाटते ते लिहून ठेवा. मोटारीच्या आवाजात किंवा कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तीच पायरी लागणार आहे. कानावरून फोन एक सेंटिमीटर डावीउजवीकडे सरकवून पाहा. तेवढ्याने आवाज निम्मा झाला तर इयरपीसची जाळी अरुंद आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला नेमके भोक कानावर आणणे जड जाईल.

गोंगाटाची चाचणी वेगळी करा. टेबलफॅन पूर्ण वेगात, माइकपासून एक मीटरवर, वारा थेट माइकवर. नंतर मिक्सर चालू ठेवून त्याच २० संख्या. कीपॅड फोनांत बहुधा एकच माइक असतो. बाहेरचा गोंगाट वेगळा ऐकून तो वजा करायला लागणारा दुसरा माइक स्मार्टफोनात असतो, इथे नसतो. त्यामुळे सगळेच मार्क कमी येतील. तरी एक फोन १४ वर आणि दुसरा ८ वर असा फरक सहज दिसतो. शेतात, गिरणीत, एसटी स्टँडवर वापरायचा असेल तर हाच आकडा निर्णायक माना.

शेवटी दोघे एकाच वेळी बोला. एकाने वार म्हणायचे, दुसऱ्याने एक ते दहा आकडे. आधी कानाला लावून, मग लाउडस्पीकरवर. लाउडस्पीकरवर बरेच फोन एका वेळी एकच दिशा उघडी ठेवतात. तुम्ही बोलू लागलात की पलीकडचा कापला जातो. थोडे चालेल. पण पंख्याच्या आवाजानेच पलीकडचा कापला जाऊ लागला, तर तो लाउडस्पीकर गाणी ऐकण्यापुरताच.

घुमणारा आवाज आणि दोष कोणाचा

इथे बहुतेक जण चुकीचा फोन दुरुस्तीला नेतात. नियम असा: ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, त्याचा फोन ठीक असतो. दोष पलीकडच्या फोनात असतो. तुमचा आवाज तिथल्या इयरपीसमधून बाहेर पडतो, तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परत येतो. म्हणून तपासायचा फोन मदतनिसाकडे द्या, त्यात आवाज शेवटच्या पायरीवर ठेवा, आणि तुम्ही मापाच्या फोनवर ‘टक्’ असा छोटा उच्चार करून थांबा. ‘टक्’ परत आला तर तपासायच्या फोनात घुमणे आहे. मागचे झाकण नीट दाबून बसवा आणि पुन्हा पाहा. माइकभोवतीची रबराची कडी निसटली असेल किंवा झाकण ढिले असेल, तर आवाज फोनच्या पोटातूनच माइकपर्यंत पोचतो.

घुमणे आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उशीर मोजायचा तर दोघे एकाच खोलीत बसा. मदतनीस एका फोनजवळ टाळी वाजवेल, तुम्ही दुसरा फोन कानाला लावा. आधी खरी टाळी ऐकू येईल, मग फोनमधली. इयरपीस तिसऱ्या फोनच्या रेकॉर्डरजवळ धरून मुद्रण केले तर दोन टाळ्यांमधले अंतर आलेखावर दिसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलण्यात अडचण येत नाही, ४०० च्या पुढे जाऊ नये. मोबाइल ते मोबाइल कॉलमध्ये पाव सेकंदाच्या आसपासचा उशीर नेहमीचा आहे. मापाच्या फोनपेक्षा स्पष्ट जास्त आला तरच नोंद करा.

तिसरी तक्रार खरखरीची. २जीवर फोन सलग लहर सोडत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देतो, आणि रेडिओजवळ फोन ठेवला की येणारी टिर्र-टिर्र त्याचीच असते. फोनच्या आत माइकची तार नीट झाकलेली नसेल तर हीच टिर्र पलीकडच्याला ऐकू येते, आणि रेंज कमी असताना जास्त, कारण तेव्हा फोन जास्त ताकद लावतो. चाचणी सोपी आहे: फोन २जीवर ठेवा, काठावरच्या जागी जा, बोलू नका, पलीकडच्याला शांततेत ऐकू द्या. श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानातही हीच टिर्र शिरते. अशा व्यक्तीसाठी फोन घेत असाल तर ४जीवर बोलणारा घ्या, त्यावर हा त्रास बराच कमी असतो.

चार्जर लावून बोलताना पलीकडे एकसुरी घूं ऐकू आली तर तो चार्जरचा दोष आहे. दुसरा चार्जर लावून खात्री करा. तसाही चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरून बोलू नये.

रेंज धरून ठेवणे

कॉल लागायला किती वेळ लागतो ते पाहा. हिरवे बटण दाबल्यापासून पलीकडची रिंग ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, दहा वेळा. व्होल्टीवरून व्होल्टीला तीन-चार सेकंदांत रिंग येते. दरवेळी सात-आठ सेकंद लागत असतील आणि कॉलच्या क्षणी वरचे ४जी जाऊन २जीची खूण येत असेल, तर व्होल्टी चालू नाही. आधी सेटिंगमध्ये ते चालू करून पाहा.

मग काठाची चाचणी. दोन्ही फोनांवरून वेगवेगळे कॉल लावा, दोन्ही एका हातात न धरता दोघांनी एकेक कानाला लावा, आणि भरपूर सिग्नलच्या जागेपासून काठाच्या जागेकडे सावकाश चालत जा. बोलणे सुरू ठेवा. कोणता फोन कुठे तुटू लागला आणि कुठे कटला, तिथे खडूने खूण करा. पाच फेऱ्या करा, सिम बदलून आणखी पाच. एका फेरीवरून काही ठरवू नका. दूरसंचार नियामक ट्रायने सेवेसाठी दिलेल्या जुन्या निकषातही तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मान्य होते, म्हणजे ५० कॉलमध्ये एखादा कुणाचाही तुटू शकतो. पण दहापैकी आठ फेऱ्यांत एकच फोन आधी कटत असेल, तर त्याचा अँटेना कमजोर आहे.

त्याच जागी पकड बदलून पाहा. अँटेना कधी वरच्या टोकाला असतो, कधी खालच्या. चिमटीत धरा, मग पूर्ण मुठीत, मग मूठ उलट टोकाला. मुठीने अँटेना झाकला की काठावरचा कॉल तुटतो. सिग्नल भरपूर असेल तिथे हा फरक कळतच नाही, म्हणून ही चाचणी काठावरच करायची. पाठीला धातूचा चमकता स्टिकर चिकटवला असेल किंवा लोहचुंबकाचे कव्हर असेल, तर ते काढून पुन्हा मोजा.

कोकण किनाऱ्यावर मासेमारीसाठी फोन घेणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी. २जीचा नेहमीचा टॉवर ३५ किलोमीटरपर्यंतच फोनशी वेळ जुळवू शकतो. त्यापलीकडे फोन कितीही दणकट असला तरी कॉल लागत नाही. महागड्या फोनने हे अंतर वाढत नाही.

आता एक चाचणी, जी क्वचित कुणी करते आणि जिच्यात स्वस्त फोन हमखास उघडे पडतात: गेलेली रेंज परत धरणे. फोन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दोन मिनिटे ठेवा. डब्यात असताना त्यावर कॉल लावून रिंग वाजत नाही याची खात्री करा. वाजलीच तर फोन ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा ठेवा. बाहेर काढल्यावर कंपनीचे नाव दिसायला किती सेकंद लागले ते लिहा, आणि त्याहून महत्त्वाचे, त्यानंतर लगेच त्यावर कॉल येतो का ते पाहा. अर्ध्या मिनिटात परत आला तर चांगला. डब्यात वीस मिनिटे ठेवून हीच चाचणी पुन्हा करा. बराच वेळ रेंज नसली की बॅटरी वाचवायला फोन शोध विरळ करतो, म्हणून मिनिटभर लागले तर समजण्यासारखे आहे. पण बंद करून चालू केल्याशिवाय फोन टॉवर धरतच नसेल, तर घाट उतरल्यावर किंवा लिफ्टमधून बाहेर आल्यावर तो तासन्तास ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ राहील, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

याच जातीचा आणखी एक दोष असतो. दांड्या भरलेल्या, तरी फोन लागत नाही. ४जी फोनाची आवाजाच्या सेवेशी असलेली नोंद सुटली की असे होते. रात्री फोन हात न लावता ठेवा, सकाळी सात-आठ तासांनी दुसऱ्या फोनवरून पहिला कॉल लावा. पहिलाच कॉल लागला पाहिजे. हे सलग चार-पाच दिवस करा.

बॅटरी: बोलण्याचे तास आणि अचानक बंद पडणे

खोक्यावरचे ‘टॉकटाइम’ चांगल्या सिग्नलमधले असते. रेंज कमी झाली की फोन ताकद वाढवतो. २जीवर ९०० मेगाहर्ट्झला ठोक्यापुरती ही ताकद २ वॅटपर्यंत जाते, तर ४जीवर साधारण ०.२ वॅट ही कमाल असते. म्हणून मध्यम सिग्नलच्या जागी पूर्ण चार्ज करून सलग एक तास कॉल चालू ठेवा. पलीकडे रेडिओ लावून ठेवला तरी चालेल. किती दांड्या उतरल्या ते पाहा, आणि फोन बंद होईपर्यंत तासातासाने कॉल चालू ठेवा. बॅटरीच्या दांड्याही सारख्या उतरत नाहीत. पहिली दांडी दोन तास टिकते आणि शेवटच्या दोन वीस मिनिटांत जातात, असे पुष्कळ फोनांत होते. शेवटची दांडी आल्यानंतर किती मिनिटे बोलता येते, हा आकडा वापरणाऱ्याला सांगून ठेवा.

जुन्या फोनची एक ओळखीची तक्रार असते: रिंग वाजली की फोन बंद. याचे कारण बॅटरीत आहे. येणाऱ्या कॉलच्या क्षणी रेडिओ, रिंगचा स्पीकर, कंपन आणि पडद्याचा दिवा सगळे एकदम वीज मागतात. २जीच्या ठोक्याला क्षणभर २ ॲम्पिअरच्या आसपास ओढ लागते. थकलेली बॅटरी तेवढे एकदम देऊ शकत नाही, तिचा दाब खाली बसतो आणि फोनला वाटते बॅटरी संपली. चाचणी: बॅटरी एक-दोन दांड्यांवर असताना, काठावरच्या जागी, रिंग आणि कंपन दोन्ही चालू ठेवून पाच कॉल लावा. बंद पडला तर नवी बॅटरी घालून पुन्हा करा. नव्या बॅटरीने प्रश्न सुटला तर फोन निर्दोष.

बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे. ती वापरायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

कॉल चालू असताना फोनची पाठ तळहातावर पाच-सहा वेळा हलकेच आपटा. कॉल कटून फोन पुन्हा सुरू झाला तर बॅटरीच्या पितळी पट्ट्या सैल आहेत. फक्त ‘सिम नाही’ आले तर सिमची खाच.

रिंग आणि बटणे

रिंग टेबलावर ऐकून उपयोग नाही. फोन पँटच्या खिशात, कापडी पिशवीत, आणि गादीवर पाठ खाली करून, असा तिन्हीकडे वाजवून दुसऱ्या खोलीतून ऐका. स्पीकरचे भोक बहुधा पाठीला असते, गादी ते दाबते. पाठीला दोन बारीक उंचवटे असलेला फोन इथे जिंकतो.

बटणांची चाचणी चालू कॉलमध्ये करा. पलीकडच्याला ऐकायला सांगून १ ते ९, *, ० आणि # एकेकदा दाबा. प्रत्येकाचा एकच स्वच्छ सूर गेला पाहिजे. सैल बटण एका दाबात दोन सूर पाठवते, आणि मग बँकेच्या यंत्राला १ च्या जागी ११ कळते. साध्या फोनवरून यूपीआय १२३पे वापरणाऱ्यांसाठी ही चाचणी पैशांची आहे, कारण त्यातल्या कॉलवर चालणाऱ्या पर्यायात रक्कम आणि पिन याच सुरांनी जातात.

लाल बटण दाबल्यावर कॉल खरोखर किती लवकर सुटतो, तेही पलीकडून पाहा. दोन सिमच्या फोनात एका सिमवर बोलत असताना दुसऱ्यावर कॉल लावा. बहुतेक कीपॅड फोनांत तो ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ म्हणेल. हा बिघाड समजू नका, एकच रेडिओ दोघांना पुरवल्याचा तो परिणाम आहे. धंद्याचा आणि घरचा असे दोन क्रमांक ठेवणाऱ्याने मात्र हे आधी माहीत करून घ्यावे.

भारतात विकल्या जाणाऱ्या कीपॅड फोनात ५ किंवा ९ बटण दाबून धरले की आपत्कालीन कॉल ११२ ला जातो. कोणते बटण आहे ते पुस्तिकेत वाचा. सहज करून पाहायची ही चाचणी नव्हे, कारण पलीकडे खरी यंत्रणा असते.

दुरुस्तीला नेण्याआधी

अजिबात आवाज येत नाही आणि पडद्यावर हेडफोनची खूण आहे: हेडफोनच्या भोकात ओल किंवा धूळ शिरली आहे आणि फोन आवाज तिकडे पाठवतो आहे. हेडफोनची पिन चार-पाच वेळा घालून काढा, भोक खाली करून फोन सावलीत वाळवा.

पलीकडे आवाज दबका जातो: माइकचे भोक चार्जिंगच्या खाचेजवळ असते. कोरड्या, मऊ टूथब्रशने बाहेरूनच झटका. सुई घालू नका, आतला पडदा फाटला की माइकच बदलावा लागतो. कव्हरचे भोक माइकवर नीट येते का, तेही पाहा. बुजलेल्या माइकच्या तक्रारींत पुष्कळदा सैल कव्हरच निघते.

लाउडस्पीकरवर ऐकू येते पण कानाला नाही: इयरपीसची जाळी तेल-धुळीने बसली आहे. कोरड्या ब्रशने साफ करा.

दुकानातच ठरवायचे असेल आणि हातात दहा मिनिटे असतील, तर *#०६# तपासा, दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली जाऊन कॉल लावा, घरच्या माणसाला दहा संख्या वाचून दाखवा आणि त्याला त्या परत वाचायला लावा, शेवटच्या पायरीवर आवाज फाटतो का ते ऐका, ‘टक्’ म्हणायला सांगा, बारा बटणे दाबा. बाकीच्या चाचण्या घरी, बिलावर लिहून घेतलेल्या बदलीच्या मुदतीत उरकायच्या. त्या मुदतीत खोके, चार्जर आणि पडद्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच ठेवा.